एका अक्षराचा अबोला

कोल्हापुरातली माणसं हळू बोलायला लागली आहेत, अशी महालिंग पट्टणशेट्टींची पक्की तक्रार होती. ज्या गावात दोघं नुसते चहाला भेटले तरी पलीकडच्या दुकानदाराला भांडण जुंपल्यासारखं वाटतं, त्या गावाबद्दल ही तक्रार. महालिंगअण्णांचं वय त्र्याहत्तर, आवाज खणखणीत, लक्ष्मीपुरीत तांब्या-पितळेच्या भांड्यांचं वडिलांपासून चालत आलेलं दुकान. खोट आपल्यातच असेल, हा विचार त्यांच्या डोक्याकडे फिरकलाही नव्हता.

"हल्ली सगळी तोंडातल्या तोंडात बोलत्यात," ते बायकोला म्हणायचे.

"मी पण?" शांतादेवी विचारायच्या.

"काय?"

"काय न्हाय, जेवा."

घरातला टीव्ही असा लागायचा की शेजारच्यांनी आपला विकून टाकला तरी चाललं असतं. पण टीव्हीपेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. गेली तीन वर्षं महालिंगअण्णा आपल्या सख्ख्या धाकट्या भावाशी, जयसिंगपूरच्या मल्लेशशी, एक शब्द बोलले नव्हते. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मल्लेशलासुद्धा नाही. त्यानं पहिल्या वर्षी सतरा वेळा फोन केले, दोनदा घरी आला. अण्णा देवघरात जाऊन बसले ते तो जाईपर्यंत उठले नाहीत. मग मल्लेशही तापला आणि यायचा थांबला. दोघांच्या बायका मात्र फोनवर रोज बोलायच्या आणि "ह्यांना काय झालंय कुणास ठाऊक" इथं येऊन थांबायच्या.

झालं होतं ते असं. अण्णांच्या सत्तरीला मुलानं कार्यालय घेऊन मोठा कार्यक्रम केला. दोनशे माणूस जमलं होतं. मल्लेश माईक घेऊन उभा राहिला आणि हसत हसत म्हणाला, "आमच्या आण्णानं आम्हाला जन्मभर फसवलं. आजून फसवतोय. आणि देवाकडं एकच मागणं हाय, शंभर वर्षं जगून आसंच फसवत राहू दे!"

सगळं कार्यालय हसलं. टाळ्या पडल्या. अण्णांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

दुसरा कुणी असता तर तिथंच विचारून मोकळा झाला असता. अण्णांनी विचारलं नाही, कारण ते खरं होतं.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी जयसिंगपूरला दुसरं दुकान घेतलं आणि दोघा भावांना सांगितलं, एकानं तिकडं जायचं, कुणी ते तुमचं तुम्ही ठरवा. कोल्हापूर सोडायचं कुणालाच नको होतं. इथली तालीम, इथले मित्र, संध्याकाळचं रंकाळ्यावरचं बसणं. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. चिठ्ठ्या महालिंगनं लिहिल्या आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर 'जयसिंगपूर' लिहिलं. "तू धाकटा, तू आधी उचल," असं वर प्रेमानं म्हणाला. मल्लेशनं उचलली, वाचली, आणि आठ दिवसांनी ट्रंक घेऊन एस्टीत बसला. दुसरी चिठ्ठी महालिंगनं चुलीत घातली. त्यानंतर सेहेचाळीस वर्षं ही गोष्ट अण्णांनी कुणालाही सांगितली नव्हती, शांतादेवींनाही नाही.

आता मल्लेशला ते कुठून तरी कळलं, आणि त्यानं ते दोनशे माणसांत हसत हसत बोलून दाखवलं, असं अण्णांनी धरलं. त्याला जाब विचारावा तर आपलीच चोरी बाहेर येणार. मग ते गप्प बसले.

मे महिन्यात नात आली. शांभवी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. विषय होता उंदरांचे कान. पाच वर्षं पुण्यात काढूनही कोल्हापूरच्या स्टँडवर पाय पडला की तिचं, कोल्हापुरी बायकांच्या रीतीनं, "मी येतो, मी जातो" सुरू व्हायचं, आणि अज्जीला त्याचा फार आनंद व्हायचा. आली की दुपारी ती दुकानात अज्जाशेजारी बसायची.

त्या दुपारी मलकापूरकडचे दोन गृहस्थ देवळासाठी घंटा न्यायला आले. दुकानात मुलगा होता, पण घंटेची पारख अण्णांनीच करायची असा शिरस्ता होता. अण्णांनी एक घंटा उचलली, वाजवली, कान तिरका केला.

"न्हाय. हिला नाद न्हाय." दुसरी उचलली. "ही पण बद्द वाजतीया." तिसरी, चौथी. "ह्या खेपेचा मालच खराब दिसतोय. पावणं, पुढच्या आठवड्यात या."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. त्यातला एक जण भीतभीत म्हणाला, "अण्णा, पैलीच लई ग्वाड वाजली की."

"काय?"

"ग्वाड वाजली!"

अण्णांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं नजर खाली घातली. पहिल्या घंटेचा नाद दुकानात अजून रेंगाळत होता. तो अण्णा सोडून सगळ्यांना ऐकू येत होता. अण्णांच्या ते लक्षात आलं. त्यांनी घंटा हळूच गादीवर ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला.

पाहुणे घंटा घेऊन गेले. शांभवी सरकून जवळ बसली.

"अज्जा, घंटेचा 'भम्म' ऐकू आला का?"

"आला की."

"आणि वरचा बारीक किण्ण?"

अण्णांनी गादीवरच्या एका घंटेवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "तो असायचा आधी."

शांभवीनं भांडी गुंडाळायचा कागद ओढला आणि त्यावर एक गोगलगाय काढली. "हा आतला कान. शंखासारखा वेटोळा. ह्याच्यात ओळीनं पेशी बसल्यात, प्रत्येकीच्या डोक्यावर तुरा असतो. आवाज आला की तुरा हलतो आणि पेशी मेंदूला निरोप देते. एका कानात पंधरा-सोळा हजार. बारीक आवाजाच्या दाराजवळ, जाड आवाजाच्या खोल आत. म्हातारपणी दाराजवळच्या आधी जातात."

"का पण? काय खराबी होती त्यांच्यात?"

"खराबी नाही. काम लई. आता हे बघा." तिनं एक पेशी मोठी करून काढली आणि तिच्यात शेंगदाण्यासारखे ठिपके भरले. "ह्या पेशीतल्या भट्ट्या. पेशीला लागणारी सगळी ताकद ह्या तयार करतात. पण भट्टी म्हटली की ठिणगी उडणारच. त्या ठिणग्यांनी आतली यंत्रं, भट्टीचा स्वतःचा आराखडा, सगळं हळूहळू खराब होतं. पितळ हवेनं काळं पडतं ना, साधारण तसंच."

हे अण्णांना पटकन कळलं. "मग चिंच लावायची."

"चिंच असते की! पेशी स्वतः तयार करते तसली द्रव्यं. वय वाढलं की ती कमी पडायला लागतात आणि ठिणग्या वाढतात. मग एक दिवस पेशीतलंच एक प्रथिन उठतं, भट्ट्यांना भोकं पाडतं, आणि पेशी आवरून जाते. आवाज नाही, दुखणं नाही. म्हणून माणसाला कळतच नाही."

"तिची तीच मरती?"

"तिची तीच. आम्ही त्या प्रथिनावरच काम करतो. ते प्रथिन नसलेले उंदीर आहेत, त्यांना म्हातारपणीसुद्धा बरंच चांगलं ऐकू येतं."

"मग मला त्यातला एक उंदीर कर."

शांभवी हसली. "माणसापर्यंत यायला वेळ आहे अजून. आणि गेलेली पेशी माणसात परत येत नाही. कोंबडीत येते."

"कोंबडीत?"

"कोंबडीच्या कानातली पेशी गेली तर काही दिवसांत नवी उगवते. खरंच."

अण्णांनी रस्त्यापलीकडच्या खानावळीच्या पाटीकडे पाहिलं. "आणि ह्या गावानं तिचा रस्सा करून खाल्ला," ते म्हणाले. आपण जन्माचे शाकाहारी असल्याचं त्यांना पहिल्यांदाच वेगळं समाधान वाटलं.

मग शांभवीनं आणखी एक सांगितलं, आणि ते त्यांना नीट ऐकू यावं म्हणून समोर बसून सांगितलं. "बोलण्यातसुद्धा बारीक आवाज असतात, अज्जा. स, श, फ, ह, थ. ते जातात. काना-मात्रा ऐकू येतात. म्हणून तुम्हाला वाटतं लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. मधली जागा मेंदू अंदाजानं भरतो. मनात जे असेल त्यानं."

"मनात जे असेल त्यानं?"

"हो."

अण्णा पुन्हा चष्मा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते काही कटकट न करता तपासणीला निघाले, तेव्हा शांतादेवींना काळजीच वाटली. कान तपासणाऱ्या बाईंचं नाव प्रियदर्शनी. तिशीची, बोलायला मोकळी. तिनं अण्णांना काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. सुरुवातीला अण्णांनी बटणं भराभर दाबली. मग बराच वेळ त्यांचा अंगठा नुसता बटणावर टेकून राहिला. बाहेर आल्यावर तिनं आलेख दाखवला. रेघ थोडी सरळ चालून मग पन्हाळ्याचा घाट उतरल्यासारखी खाली आली होती.

"आता मी शब्द म्हणते. ओठांकडं बघायचं नाही, पाठ करून बसा. ऐकाल तसं म्हणा. साप."

"ताप."

"शिळी."

"विळी."

"हसणं."

"फसणं."

"थाळी."

"खाळी. काय शब्द हाय हा?"

शांभवी कोपऱ्यात तोंड दाबून हसत होती. प्रियदर्शनीनं यादी अण्णांच्या हातात दिली. डावीकडे तिनं म्हटलेले शब्द, उजवीकडे अण्णांचे. अण्णा चष्मा वर करून वाचत होते. तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"बाई, हे बरोबर लिवलंय?"

"हो."

"तुम्ही हसणं म्हणाला? फसणं न्हाय?"

"हसणं म्हटलं, आजोबा. ह फारच हलका आवाज आहे, श्वासच नुसता. होतं असं खूप जणांचं."

अण्णांनी ती ओळ परत वाचली. घामाघूम झाले. शांभवीला वाटलं चक्कर येतेय, तिनं पाणी आणलं. ते पाणी प्यायले आणि एवढंच म्हणाले, "यंत्र आजच मिळंल का?"

आठ दिवस वापरून बघायला दोन छोटी श्रवणयंत्रं मिळाली. क्लिनिकच्या जिन्यात अण्णा थबकले. "ह्या चपला कधीपास्नं वाजत्यात?"

"घेतल्यापासून," शांभवी म्हणाली.

कर्रकर्र करत ते घरी आले आणि चपला काढायच्या आत म्हणाले, "सत्तरीचा व्हिडिओ लावा."

शांतादेवी बघतच राहिल्या. तीन वर्षांत ह्यांनी तो एकदाही बघू दिला नव्हता. शांभवीनं मोबाईलवरून टीव्हीला जोडला. हार घातलेले अण्णा दिसले, पेढे दिसले, मग माईक हातात घेतलेला मल्लेश. अण्णा टीव्हीसमोर जमिनीवर जाऊन बसले.

"आमच्या आण्णानं," मल्लेश म्हणाला, "आम्हाला जन्मभर हसवलं. आजून हसवतोय. आणि देवाकडं एकच मागणं हाय, शंभर वर्षं जगून आसंच हसवत राहू दे!"

"परत लाव."

तिनं परत लावलं. पाच वेळा लावलं. पाचही वेळा मल्लेश हसवलंच म्हणाला. अण्णांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. मग शांतादेवींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं, चिठ्ठ्यांसकट.

शांतादेवी पाटावर बसल्या होत्या त्या उठून उभ्या राहिल्या. "एका अक्षरासाठी? तीन वर्षं? तीन दिवाळ्या मी भाऊजींना फराळ पाठवला तो चोरून, एस्टीतनं, कंडक्टरच्या पाया पडून!" त्या चिडल्या होत्या खऱ्या, पण मध्येच त्यांना हसू फुटलं. ते आवरेना, तशा त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "आणि चिठ्ठ्या! अहो, तुम्ही आणि लबाडी! तुम्हाला पत्त्यातलं पान लपवता येत न्हाय."

"ती एकच जमली," अण्णा म्हणाले.

सकाळच्या गाडीनं अज्जा आणि नात जयसिंगपूरला निघाले. एस्टीत कानातल्या यंत्रांनी कहर केला. खिडक्यांचा खडखडाट, कुणाच्या पिशवीची चुरचुर, मागच्या बाळाचं रडं, सगळं एकदम आत. हातकणंगल्यापर्यंत अण्णांनी दोनदा यंत्रं काढली आणि दोनदा घातली. काय बोलायचं ते मनात घोळवत होते. 'मला ऐकायला चुकलं' एवढं सांगून भागलं असतं. चिठ्ठ्यांचं काढायची गरज नव्हती. मल्लेशला त्यातलं काही माहीतच नव्हतं, हे आता स्पष्ट झालं होतं. पण तीन वर्षं जे मनात खुपलं ते मल्लेशचं बोलणं नव्हतंच, हेही आता स्पष्ट झालं होतं.

बाजाराचा दिवस होता. मल्लेशच्या दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड. मल्लेश अडुसष्ट वर्षांचा, पोट सुटलेला, कळशी वाजवून दाखवत होता. दारात आण्णा दिसला तशी त्याच्या हातातली कळशी घरंगळत पायरीपर्यंत गेली. अण्णांच्या कानात तिनं असा काही दणका दिला की त्यांनी दोन्ही हात कानावर धरले.

"आण्णा!"

"मल्लेशा, माझं चुकलं."

"काय?"

"चुकलं माझं!"

"कोण थकलं? तू थकलास? बस की मग, बस!" मल्लेशनं स्टूल पुढं केलं.

शांभवीच्या सगळं ध्यानात आलं. त्याच रक्ताचा कान, पाच वर्षांनी मागं एवढंच. तिनं बोलायला तोंड उघडलं, पण अण्णांनी हातानं थांबवलं. आपल्या तोंडानं बोलायचं असं ठरवून आले होते ते. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि लक्ष्मीपुरीतून जयसिंगपूरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चिठ्ठ्या टाकल्या तवा मी तुला फसवलं!"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मल्लेशनं क्षणभर भावाकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "व्हय की रे! हसवलंस! लई हसवलंस! मी भाषणात तेच म्हनलं हुतं!"

आता इथं थांबता आलं असतं. मल्लेश हसत होता, गिऱ्हाइकं हसत होती, कुणीतरी चहा सांगितला होता. अण्णांना मोह झाला नाही असं नाही. पण मग त्यांनी गल्ल्याजवळचं पॅड ओढलं, पेन घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: दोन्ही चिठ्ठ्यांवर जयसिंगपूर होतं. मी लिहिलेलं. कागद मल्लेशपुढं धरला.

मल्लेशनं वाचला. परत वाचला. हसू हळूहळू उतरलं. तो गादीवर बसला आणि कागद गुडघ्यावर ठेवला.

"मी रडत आलो हुतो रे एस्टीत," तो म्हणाला. आवाज खाली आला होता, पण अण्णांना यंत्रातून शब्द न् शब्द ऐकू आला. "म्हनलं, नशीबच तसं. देवाच्या मनात असंल."

"देव न्हवता. मी हुतो."

चहा आला. मल्लेशनं अर्धा कप संपवला. बशीत ओतून उरलेला संपवला. मग आत बघून बायकोला हाक मारली, "आगं, ऐकलंस का? ह्या माणसामुळं तू मला मिळालीस! मी हितं आलोच नसतो तर तुझ्या बापानं कुणाला दाखवली असती तुला?" आणि मग अण्णांकडं वळून, डोळे बारीक करून, "पण सोडणार न्हाय मी तुला. शिक्षा हाय."

"सांग."

"आज बाजार हाय. आज हितं तू बसायचं. मी जातो झोपायला. सेहेचाळीस वर्षांत बाजाराच्या दिवशी दुपारी झोपलो न्हाय मी."

आणि तो खरंच गेला. महालिंगअण्णा टोपी सारखी करून जयसिंगपूरच्या गादीवर बसले. दोन-तीन तास गिऱ्हाइकांचा ओघ तुटला नाही. नरसोबावाडीकडच्या एका बाईला समई हवी होती, कुणाला लग्नाच्या रुखवतात मांडायला कळशी, एकाला फुटक्या बंबाला तोटी. अण्णांनी प्रत्येक भांडं टिचकी मारून वाजवलं. एका तांब्याचा नाद इतका लांबला की ते गिऱ्हाईक विसरून तो संपेपर्यंत ऐकत बसले. शांभवी शेजारी बसून कागदात भांडी गुंडाळत होती आणि अज्जाला अधूनमधून आवाज कमी-जास्त कसा करायचा ते दाखवत होती.

चारच्या सुमारास मल्लेश उठून आला, तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. त्यानं अण्णांच्या कानाकडं निरखून पाहिलं.

"हे काय घातलंयस?"

शांभवीनं त्याला भट्ट्या, ठिणग्या, चिंच सगळं पुन्हा सांगितलं, ह्या खेपेला वरच्या पट्टीत. आमच्या अभ्यासात भावाभावांचे नमुने हवे आहेत, असंही सांगितलं. नळीत थोडी थुंकी द्यायची, बाकी काही नाही. रक्तातलं काय सारखं आहे आणि कुणाचा कान लवकर का जातो, ते त्यातून बघता येतं.

"थुंकीच ना?" मल्लेश म्हणाला. "देतो की. आण्णापेक्षा माझी जास्त घे."

"अज्जा, तुमचा कान पण आधी तपासायला पाहिजे," शांभवी त्यालाही अज्जाच म्हणायची. "कोल्हापूरला या एकदा."

"एकदा कशाला? आत्ताच येतो."

बायको आतून म्हणाली, कपडे तरी बदला. मल्लेशला ते ऐकू आलं नाही, किंवा आलं असलं तरी तो थांबला नाही. मुलाला दुकान सांभाळायला सांगून तो अण्णांच्या आधी स्टँडवर पोचला आणि खिडकीची जागा धरून बसला. शांभवीनं अज्जीला फोन लावला. दोन माणसांचं जेवण जास्त कर, म्हणाली, कारण लहान अज्जा एका माणसाएवढं जेवत नाहीत.

गाडी सुटली. हातकणंगले येईपर्यंत मल्लेशनं उंदरांबद्दल अकरा प्रश्न विचारले होते. अण्णा दोघांच्या मधे बसून नातीची उत्तरं भावाच्या कानात, सगळ्या एस्टीला ऐकू जातील अशी, सांगत होते. कोंबडीपाशी आल्यावर मल्लेशनं त्यांना थांबवलं आणि खात्री करून घ्यायला परत विचारलं, "कोण म्हनलास? कोंबडी?"